पळाले मी, घाम माझा, मग आकडे सरांना का दिसत नाहीत?

रविवारी पहाटे काकूंनी 18 किलोमीटर मारले, गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला जाऊन परत. वय 58, गुडघ्याला पट्टा, तरी 18. आणि सोमवारी सकाळी आमच्या रनिंग ग्रुपवर कोच सरांचा मेसेज, "काकू, काल लाँग रन झाला नाही का? तब्येत बरी आहे ना?" झालं, काकूंचा पारा चढला. "अहो सर, 18 केलेत! घड्याळात आहेत, मोबाईलमध्ये आहेत, लेकीने पुण्याहून लाईक पण दिलाय, तुम्हालाच बरे दिसत नाहीत!" सरांनी बिचाऱ्यांनी लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून टाकला, त्यात काकूंच्या नावापुढे शून्य, आणि नीट बघितलं तर नुसत्या काकूंच्याच नाही, निम्म्या ग्रुपच्या नावापुढे शून्य.

ग्रुपमध्ये मी आयटीवाला, म्हणजे कुणाचा प्रिंटर अडला तरी फोन मलाच. मी आधी सगळ्यांना ठरलेलं औषध दिलं, ब्लूटूथ बंद-चालू करा, लॉगआउट करून परत लॉगिन करा, एकाला तर घड्याळ रीसेट करायला लावलं आणि त्याची सगळी सेटिंग उडाली, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मग दुपारी जेवताना ट्यूब पेटली की बिघाड कुठेच नाहीये. घड्याळ बरोबर, फोन बरोबर, सर ज्यावर सगळ्यांचे रन बघतात ते त्यांचं ॲप पण बरोबर. मधल्या एका कंपनीने नियम बदललाय की या माणसाचा डेटा त्या माणसाच्या स्क्रीनवर दाखवायचा नाही, बस. कुठली ॲप्स ते जाऊ द्या, हे आता एका-दोघांपुरतं राहिलेलं नाही. पण हे का होतं ते काकूंना समजावताना दोन चहा आणि एक पोह्यांची प्लेट गेली, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच काढू.

आधी हा डेटा डेटा म्हणतात तो दिसतो कसा ते बघू, कारण आपण "18 किमी, 2 तास 20 मिनिटं" एवढाच आकडा बघतो आणि वाटतं एवढंच असेल. मी माझ्या एका रनची जीपीएक्स फाईल, म्हणजे रनची नोंदवही म्हणा, नोटपॅडमध्ये उघडली. साधी अक्षरं असतात, कुणीही उघडू शकतं. आत हजारो ओळी, तासभराच्या रनमध्ये घड्याळ दर सेकंदाला नोंद करत असेल तर 3,600 नोंदी. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची (आपलं नाशिक साधारण 600 मीटरच्या आसपास, ते दिसतं), वेळ, आणि त्या क्षणाचे नाडीचे ठोके. वेळ लिहिलेली 00:02, मी म्हटलं मध्यरात्री कुठे पळायला गेलो होतो, मग कळलं की वेळ ग्रिनिचची आहे, आपले साडेपाच तास मिळवा, पहाटेचे 5:32. मध्ये एका ठिकाणी पाच मिनिटं अक्षांश-रेखांश हलतच नाहीत आणि ठोके 150 वरून हळूहळू 96 वर येतात, ती चहाची टपरी. आणि पहिली ओळ आणि शेवटची ओळ जवळपास सारखी, ते आमच्या सोसायटीचं गेट.

आता अशा पन्नास फाईल एखाद्याच्या हातात पडल्या तर त्याला काय काय कळतं बघा. मी राहतो कुठे, घरातून कितीला निघतो, कुठल्या वारी घरी नसतो, टपरी कुठली, मागच्या महिन्यात दहा दिवस पळालोच नाही म्हणजे आजारी होतो की गावाला गेलो होतो, आणि एरवी ज्या वेगाला ठोके 148 असतात त्याच वेगाला आज 162 का पडले. पोटाचा घेर सोडला तर सगळं! म्हणजे हा डेटा कुणालाही दिसू नये असं कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य आहे, हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे.

आता ही फाईल काकूंच्या मनगटावरून सरांच्या लॅपटॉपवर जाते कशी. आपल्याला वाटतं घड्याळातून थेट जाते. तसं नसतं. घड्याळातून ब्लूटूथने फोनमध्ये, फोनमधून घड्याळाच्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून बहुतेकांची जाते स्ट्राव्हावर, आणि स्ट्राव्हावरून सरांच्या ॲपमध्ये. चार उड्या. स्ट्राव्हा ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी, 2009 पासूनची, पळणाऱ्या आणि सायकलवाल्यांचं फेसबुक म्हणा हवं तर. पण तिचं खरं महत्त्व फेसबुकगिरीत नाही. ती या धंद्यातलं मनमाड आहे. तुमची गाडी कुठूनही येवो, गार्मिनचं घड्याळ असो, अमेझफिट असो, नुसता मोबाईल असो, सगळ्या गाड्या मनमाडला येतात आणि तिथून पाहिजे तिकडची गाडी बदलून मिळते. छोट्या ॲपवाल्यांनीही वर्षानुवर्षं हेच केलं, शंभर घड्याळकंपन्यांशी वेगवेगळा संसार कोण थाटणार, एका स्ट्राव्हाशी जोडून घेतलं की सगळं जग आलं. आणि हे जोडून घेणं फुकट होतं.

जोडणं म्हणजे काय तर एपीआय. हा शब्द ऐकला की लोक फोन खाली ठेवतात, पण ती फक्त एक खिडकी आहे. सरकारी ऑफिसात असते तशी. खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, "अमुक नंबरच्या माणसाच्या गेल्या आठवड्याच्या रन्स द्या", आतून कागद येतो. माणसाच्या जागी प्रोग्रॅम अर्ज करतो एवढाच फरक. आता खिडकीवाला कुणालाही तुमचे कागद देईल का, तर नाही, आधी तुमची परवानगी लागते. तुम्ही ॲप जोडताना एक पान येतं ना, "या ॲपला तुमच्या ॲक्टिव्हिटी बघू द्यायच्या का", आणि आपण न वाचता हो म्हणतो, ते हेच. यूपीआय ऑटोपेसारखं समजा. ओटीटीवाल्याला आपण पिन देत नाही, फक्त एवढी रक्कम एवढ्या वेळा घे अशी परवानगी देतो आणि वाटलं तर उद्या रद्द करतो. इथेही पासवर्ड देत नाही, परवानगीची चिठ्ठी देतो.

म्हणजे बघा, काकूंनी परवानगी दिलेली, सरांच्या ॲपने खिडकीवर रीतसर अर्ज केलेला, कागद मिळालेला. मग अडलं कुठे? अडलं पुढच्या पायरीवर. कागद मिळाल्यावर तो कुणाला दाखवायचा, यावर खिडकीवाल्याने अट घातली.

ही अट नेमकी काय असते ते स्ट्राव्हाच्या उदाहरणावरून छान समजतं, कारण ते सगळं जाहीरपणे झालेलं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी एपीआयचा करार बदलला आणि ॲपवाल्यांना जुळवून घ्यायला साधारण 30 दिवस दिले. बदल तीन. एक, दुसऱ्या ॲपने एखाद्याचा स्ट्राव्हा डेटा फक्त त्यालाच दाखवायचा, दुसऱ्या कुणाला नाही, आणि गंमत म्हणजे तो डेटा त्या माणसाने स्ट्राव्हावर सगळ्या जगाला उघडा ठेवला असला तरी नाही. दोन, एपीआयमधून मिळालेला डेटा एआय मॉडेल शिकवायला किंवा तसल्या कामाला वापरायचा नाही. तीन, स्ट्राव्हासारखं दिसणारं, स्ट्राव्हाची नक्कल करणारं काही बनवायचं नाही. तिसरं सोडून द्या, धंदेवाल्यांचं नेहमीचं आहे.

पहिल्या अटीचं उदाहरण काकूंना मी असं दिलं. समजा तुमचा सीए आहे, त्याला तुम्ही बँकेचं स्टेटमेंट बघायची परवानगी दिली होती, तो आपल्या ऑफिसात बसून सगळ्या अशिलांची स्टेटमेंट एका स्क्रीनवर बघून टॅक्स काढायचा. आता बँक म्हणते, स्टेटमेंट फक्त खातेदाराच्या स्क्रीनवर दिसेल. सीएला बघायचं असेल तर खातेदाराने मोबाईल त्याच्यापुढे धरावा. काकू म्हणाल्या, "पण खातं माझं, सीए माझा, मी सांगतेय ना दाखव म्हणून!" बरोबर. सगळ्या वादाचं मूळ या एका वाक्यात आहे, काकूंनी ते पोहे खाता खाता सांगून टाकलं.

स्ट्राव्हाचं म्हणणं काय ते पण ऐकू, एकतर्फी नको. त्यांचं म्हणणं असं की लोक स्ट्राव्हावर प्रायव्हसीची सेटिंग लावतात, कुणी फक्त फॉलोअर्सना दाखवतं, कुणी कुणालाच नाही, पण डेटा एकदा दुसऱ्या ॲपमध्ये गेला की तिथे ती सेटिंग लागू होत नाहीत, तिथे कोण बघतंय याचा वापरणाऱ्याला पत्ता नसतो. हे खरं आहे. मी स्वतः माझ्या खात्याला काय काय जोडलंय ती यादी उघडली तेव्हा 14 ॲप्स निघाली, त्यातलं एक 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कुठल्याशा व्हर्च्युअल रनच्या मेडलसाठी जोडलेलं, मेडल घरी आलं, पोराने हरवलं, आणि ते ॲप तेव्हापासून माझा प्रत्येक रन उचलत असणार, मला आठवण पण नाही. असा खाक्या असेल तर कुणीतरी दार लावायलाच हवं.

पण मग जरा इतिहास बघितला की शंका येते. स्ट्राव्हाच्या बाबतीत प्रायव्हसीचे जे मोठे गोंधळ झाले ते कुठून झाले? 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांच्या 100 कोटी ॲक्टिव्हिटी एकत्र करून एक चमकता नकाशा काढला, हीटमॅप, जिथे लोक जास्त पळतात तिथे उजेड जास्त. जानेवारी 2018 मध्ये नेथन रूसर नावाच्या ऑस्ट्रेलियन कॉलेजच्या पोराच्या लक्षात आलं की सीरिया, अफगाणिस्तानसारख्या ठिकाणी सगळा नकाशा काळा आणि मध्येच एखादी लख्ख चौकट, म्हणजे लष्करी तळ, आणि आतले सैनिक सकाळी कुंपणाच्या कडेने पळतायत. मग ऑक्टोबर 2024 मध्ये फ्रान्सच्या ल मोंद या पेपरने दाखवलं की मॅक्रों, बायडन, पुतिन यांच्या अंगरक्षकांची उघडी स्ट्राव्हा खाती बघून हे नेते कुठे जाणार, कुठल्या हॉटेलात उतरणार याचा अंदाज लागतो. आता मला सांगा, यात दुसऱ्या ॲपचा काय संबंध? पहिल्यात नकाशा त्यांचा स्वतःचा, दुसऱ्यात प्रोफाईल त्यांच्याच साईटवरची. गळती घरच्या नळाची आणि प्लंबर बोलावला शेजारच्यांकडे, असं काहीसं. म्हणजे नियम चुकीचा असं नाही, पण ज्या दुखण्याची भीती घालतात त्यावरचं औषध हे नव्हे.

मग पाणी मुरतंय कुठे? दुसऱ्या अटीत बघा, एआय.

हा काळ आठवा. 2023 मध्ये ट्विटरने फुकट एपीआय बंद केला, त्याच वर्षी रेडिट या चर्चेच्या साईटने एपीआयचे भाव इतके लावले की रेडिट वाचायचं अपोलो नावाचं लोकांचं लाडकं ॲप 30 जूनला बंद पडलं. सगळ्या कंपन्यांच्या एकदम लक्षात आलं की आपण जे आजवर खिडकीतून फुकट वाटत होतो त्यावर दुसरे लोक एआय पोसतायत, आणि त्याची किंमत आहे. स्ट्राव्हाकडे काय आहे, कोट्यवधी माणसांचे वर्षानुवर्षांचे रन, चढ, ठोके, दुखापतीनंतरची गॅप, मॅरेथॉनच्या आधीचे सोळा आठवडे. "या माणसाला उद्या किती पळायला सांगावं" हे मशीनला शिकवायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही. आणि नियम आला नोव्हेंबर 2024 ला, तर ऑक्टोबर 2024 मध्ये स्ट्राव्हाने स्वतःचं ॲथलीट इंटेलिजन्स नावाचं एआय फीचर बीटामध्ये, म्हणजे चाचणीपुरतं, आणलेलं, आणि एप्रिल 2025 मध्ये रन्ना नावाचं ट्रेनिंग प्लॅनचं ॲप विकत घेतलं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की जास्त बोलावं लागत नाही.

तरी एआयच्या अटीबद्दल मी पूर्ण विरोधात नाहीये हं, ग्रुपमधले काही जण आहेत. कारण समजा मी एखाद्या ॲपला परवानगी दिली आणि त्याने माझ्या रनबरोबर माझ्यासोबत पळालेल्या लोकांचं पण काही उचललं आणि मशीनला शिकवलं, तर त्यांना कुणी विचारलं? आयजीच्या जिवावर बायजी उदार. मशीनला एकदा शिकवलं की ते परत काढून पण घेता येत नाही, फाईल डिलीट करता येते, शिकलेलं डिलीट करणं महाकठीण. तर ते ठीक. खटकतं ते एवढंच की माझा स्वतःचा डेटा, मला स्वतःला, माझ्या पसंतीच्या ॲपकडून समजून घ्यायचा असेल तर त्या ॲपने किती अक्कल वापरायची हे मधला ठरवणार.

स्ट्राव्हाने तेव्हा असंही सांगितलं की याचा परिणाम 0.1 टक्क्यांपेक्षा कमी ॲप्सवर होईल, आणि वापरणाऱ्यांना फीडबॅक देणारी कोचिंगची ॲप्स चालूच राहतील. 0.1 टक्का ऐकून बरं वाटतं. पण हा आकडा ॲप्सचा आहे, माणसांचा नाही. एपीआयवर हजारो ॲप्स असतात, त्यातली कितीतरी कुणीतरी शनिवार-रविवारी स्वतःपुरती बनवलेली, एक वापरणारा, तोही स्वतः बनवणाराच. आणि एका कोचिंगच्या ॲपवर अख्खे क्लब असतात. गावातली 0.1 टक्का दुकानं बंद झाली पण त्यात किराणा मालाचं एकमेव दुकान असेल तर? आणि फीडबॅक वापरणाऱ्याला द्यायला हरकत नाही म्हणजे कोचने त्याच्या स्क्रीनवर बघायचं की नाही बघायचं, यावर ॲपवाल्यांनी डोकं धरलं. इंटरव्हल्स डॉट आयसीयू नावाचं एक सायकलवाल्यांचं-पळणाऱ्यांचं फार लाडकं ॲप आहे, त्यांनी जोखीम नको म्हणून स्ट्राव्हामार्फत आलेल्या ॲक्टिव्हिटी कोचला दाखवणं बंद केलं आणि लोकांना सांगितलं की घड्याळाच्या कंपनीशी थेट जोडा. पुष्कळांनी जोडलं, त्यांचं काही अडलं नाही.

आणि हे पहिल्यांदा पण नव्हतं. 2019 च्या जुलैमध्ये रिलाईव्ह नावाच्या डच ॲपची, ज्यात तुमच्या राईडचा थ्रीडी व्हिडिओ बनायचा आणि मग आपण तो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकून त्यांना छळायचो, त्याची जोडणी स्ट्राव्हाने अशीच तोडली होती. कारण तेच, नियम मोडला. खिडकी त्यांची, केव्हा बंद करायची ते पण त्यांच्याच हातात.

आता सगळ्यात मजेचा भाग.

चार दिवस सासूचे तर चार दिवस सुनेचे. स्ट्राव्हा जशी छोट्यांसाठी मनमाड आहे, तशी स्ट्राव्हाला पण गाड्या कुठून तरी यायला लागतात, आणि त्यातली सगळ्यात लांब गाडी येते गार्मिनकडून. जुलै 2025 मध्ये गार्मिनने आपल्या एपीआयचा नवा नियम काढला, आमच्या घड्याळातून आलेला डेटा जिथे जिथे दाखवाल तिथे गार्मिनचं नाव दिसलंच पाहिजे, 1 नोव्हेंबरपर्यंत करा. 30 सप्टेंबरला स्ट्राव्हाने अमेरिकेत कोलोरॅडोच्या फेडरल कोर्टात गार्मिनवर केसच ठोकली. कागदोपत्री केस पेटंटची, सेगमेंट (रस्त्याचा ठरलेला तुकडा, ज्यावर सगळ्यांच्या वेळा ताडून बघतात) आणि हीटमॅप या आमच्या कल्पना तुम्ही वापरल्या अशी, पण त्याच सुमारास स्ट्राव्हाच्या मोठ्या अधिकाऱ्याने रेडिटवर जाहीर लिहिलं की ही लोगोची सक्ती म्हणजे उघड जाहिरातबाजी आहे, आणि डेटा काही गार्मिनचा नाही, तो वापरणाऱ्यांचा आहे. वाचून मला काकूच आठवल्या. वर्षभरापूर्वी छोटे ॲपवाले स्ट्राव्हाला हेच सांगत होते! तीन आठवड्यांत, 21 ऑक्टोबरला, स्ट्राव्हाने केस मागे घेतली. आता रनच्या खाली घड्याळाचं नाव येतं. जो उगमाजवळ असतो त्याचं चालतं, हे गोदावरीकाठच्यांना काय सांगायचं, वरच्या धरणाचे दरवाजे कधी उघडायचे यावरून मराठवाड्याशी आपली दरवर्षी जुंपतेच की.

कायदा काही म्हणतो का? युरोपात म्हणतो. तिथल्या जीडीपीआर कायद्याचं कलम 20, मे 2018 पासून लागू, तुमचा डेटा तुम्हाला मशीनला वाचता येईल अशा स्वरूपात मागता येतो आणि जमत असेल तर एका कंपनीकडून थेट दुसरीकडे पाठवायला सांगता येतं. आणि एक उदाहरण फार बोलकं आहे. गूगलने फिटबिट ही फिटनेस घड्याळांची कंपनी विकत घेतली तेव्हा युरोपियन कमिशनने डिसेंबर 2020 मध्ये परवानगी दिली ती अटींवर, की युरोपातल्या लोकांचा फिटबिटचा हेल्थ डेटा जाहिरातींसाठी 10 वर्षं वापरायचा नाही आणि लोकांची परवानगी असेल तर दुसऱ्या ॲप्सना वेब एपीआयमधून डेटा मिळत राहिला पाहिजे, तोही 10 वर्षं, फुकट. म्हणजे खिडकी उघडी ठेवायचा हुकूम. असं क्वचितच होतं.

आपल्याकडे 2019 च्या डेटा विधेयकात हा डेटा हलवायचा हक्क लिहिलेला होता, आणि 2023 चा जो कायदा शेवटी झाला त्यात तो नाही. माहिती मागणं, दुरुस्त करणं, पुसायला लावणं, तक्रार करणं हे आहे, पण "माझा डेटा इकडून तिकडे दे" असं ठणकावून सांगायचं कलम नाही. याचं वाईट जास्त वाटतं कारण पैशांच्या बाबतीत आपण हे करून दाखवलंय. अकाउंट ॲग्रीगेटर नावाची व्यवस्था आहे, रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये नियम केले आणि सप्टेंबर 2021 पासून ती चालू झाली. कर्ज हवं असेल तर फोनवर परवानगी द्यायची, कशासाठी, किती दिवसांसाठी, कुठल्या खात्याची, आणि स्टेटमेंट एका बँकेतून दुसरीकडे जातं, मधल्या निरोप्याला लिफाफ्याच्या आत बघता येत नाही. माझ्या पगाराचं स्टेटमेंट मी एका बँकेतून दुसरीकडे पाठवू शकतो आणि काकूंचे 18 किलोमीटर मनगटावरून सरांकडे जात नाहीत. घ्या.

बरं, मग करायचं काय. मी ग्रुपसाठी जे केलं ते सांगतो, याच क्रमाने करा असं काही नाही.

ज्यांच्या घड्याळाची कंपनी सरांच्या ॲपशी थेट जोडता येते त्यांचं काम दहा मिनिटांत झालं, मनमाड टाळायचं, थेट गाडी पकडायची. मधल्या जंक्शनचा नियम मग लागूच होत नाही कारण डेटा तिथून आलेलाच नाही. आमच्या ग्रुपमध्ये असे अकरा जण निघाले.

ज्यांच्याकडे फाईल काढता येते त्यांनी फाईल काढायची. फिट नावाची फाईल असते, गार्मिनच्या घरातली, पण आता सगळेच वापरतात, ती जीपीएक्सपेक्षा बरी कारण त्यात लॅप, सेन्सर, सगळं मूळचं असतं. ती सरांच्या ॲपमध्ये हाताने अपलोड केली की झालं, ती तुमची फाईल आहे, तुम्ही कुणालाही द्या. स्ट्राव्हावरून सगळा जुना माल पण एकदम मागवता येतो, वेबसाईटवर सेटिंगमध्ये माझं खातं, तिथे खाली "डाउनलोड किंवा डिलीट" असं आहे, ते वाचून लोक घाबरतात की डिलीट होईल, नाही होत, फक्त आर्काइव्ह मागवायचं, ईमेलवर लिंक येते. माझी सात वर्षं एका झिप फाईलमध्ये आली. त्यात 2018 चा एक रन सापडला, 2.1 किलोमीटर, खाली मी लिहिलेलं "मेलो".

फोनमध्येच डेटा ठेवायचा असाही एक रस्ता आहे. आयफोनवाल्यांचं ॲपल हेल्थ 2014 पासून, आणि अँड्रॉइडवाल्यांचं हेल्थ कनेक्ट, ते अँड्रॉइड 14 पासून फोनमध्येच बसवलेलं येतं. यात डेटा फोनच्या पोटात राहतो आणि कुठल्या ॲपने काय वाचायचं ते तुम्ही एकेक करून ठरवता, ठोके हो, वजन नको, असं. पण एक खोच आहे, हेल्थ कनेक्टमध्ये नव्या ॲपला परवानगी दिली की त्याला साधारणपणे मागचे 30 दिवसच दिसतात, जुन्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि रन कुठल्या रस्त्याने झाला तो नकाशा तर अजून वेगळा. पहिल्यांदा वैताग येतो, मग लक्षात येतं की टपरीचं गणित लक्षात घेतलं तर बरंच आहे हे. जे अजून गूगल फिटवर विसंबून आहेत त्यांनी मात्र हलायला लागा, त्याचा एपीआय 2026 मध्ये बंद करणार असं गूगलने आधीच सांगून ठेवलंय.

आणि त्या जोडलेल्या ॲप्सची यादी एकदा उघडाच, चहा घेऊन बसा. माझ्या 14 पैकी 11 उडवली. आणि स्ट्राव्हामध्ये नकाशाच्या सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग लपवता येतो, 1,600 मीटरपर्यंत, तो लपवला नसेल तर आजच लपवा, विशेषतः पहाटे एकट्या निघणाऱ्या बायकांनी. हे एपीआयच्या भानगडीपेक्षा जास्त कामाचं आहे.

आता राहिल्या काकू. त्यांचं घड्याळ लेकीने दिवाळीत घेऊन दिलेलं, स्वस्तातलं, चांगलं आहे, पण त्याची कंपनी सरांच्या ॲपशी थेट जोडत नाही. फाईल काढायची पद्धत मी त्यांना दाखवली, मोबाईलवर सात ठिकाणी दाबायला लागतं. काकूंनी चष्मा लावून तिसऱ्या दाबण्यापर्यंत नीट बघितलं आणि मग म्हणाल्या, "अरे, त्यापेक्षा घड्याळाचा फोटो काढून टाकते की." तेव्हापासून दर रविवारी साडेआठला ग्रुपवर फोटो येतो, मनगट, घड्याळ, मागे धरणाचं पाणी, कधी कधी अर्धवट कणीस. सर तो आकडा हाताने टाकतात, किलोमीटर आणि वेळ. ठोक्यांचा कॉलम रिकामा. गेल्या रविवारी सरांनी विचारलं, "काकू, शेवटच्या पाच किलोमीटरला ठोके किती होते?" काकू म्हणाल्या, "अहो, मोजायला श्वास कुठे उरला होता?"